शेजाऱ्यांच्या एकमेकांत अडकलेल्या लढाया: आधी कुठलं टोक सोडवायचं?

माटुंगा_पूर्व (धागाकर्ता)

पुढच्या शनिवारी दादरच्या अभ्यासमंडळात पूर्व काँगोवर अर्धा तास बोलायचं आहे. वाचन बरंच झालंय, पण एका जागी गाडी अडते.

रवांडा म्हणतं, काँगोच्या जंगलातले एफडीएलआरवाले (रवांडाविरोधी बंडखोर) आधी आवरा, मग आमचे ‘बचावात्मक उपाय’ मागे घेऊ. काँगो म्हणतं, आधी तुमचं सैन्य न्या आणि एम२३ची (रवांडाच्या पाठबळावर काँगोत लढणारे बंडखोर) रसद तोडा. युगांडा आणि बुरुंडी आपापला हिशेब घेऊन त्यात आहेतच. १९९९चा लुसाका, २००२चा प्रिटोरिया, २०१३चा आदिस अबाबा असे करार, नंतर लुआंडा आणि नैरोबी या बोलण्यांच्या दोन प्रक्रिया. एवढं होऊनही जानेवारी २०२५मध्ये गोमा शहर एम२३च्या हाती पडलं, फेब्रुवारीत बुकावू. जूनमध्ये वॉशिंग्टनला आणखी एक सही झाली.

अशा गुंत्यात शेजारच्या देशांनीच मिळून युद्ध थांबवल्याचं खरं उदाहरण आहे का? असेल तर कागदावर नेमकं काय लिहिलं होतं, किती दिवसांची मुदत दिली, तपासलं कोणी आणि फसलं कुठे, ते सांगा. ‘राजकीय इच्छाशक्ती हवी’ हे उत्तर नको, ते अग्रलेखात रोज मिळतं.

---

जुना_नकाशा

मध्य अमेरिका बघा. तुमच्या प्रश्नाला इतकं चपखल उदाहरण दुसरं नाही.

१९८०च्या दशकातली मांडणी अशी. निकाराग्वात सांदिनिस्ता सरकार. त्याच्याविरुद्ध अमेरिकेच्या पैशावर लढणारे काँत्रा, आणि त्यांचे तळ होंडुरासमध्ये. एल साल्वादोरमध्ये बरोबर उलटं: सरकारच्या पाठीशी अमेरिका, एफएमएलएन बंडखोरांच्या पाठीशी निकाराग्वा. ग्वाटेमालाचं स्वतःचं यादवी युद्ध वेगळं. कोस्टा रिकाकडे १९४८पासून सैन्यच नाही, पण उत्तर सीमेवर काँत्रांची ये-जा. म्हणजे तुझा शत्रू माझ्या घरात, माझा शत्रू तुझ्या घरात. नावं बदलली की काँगो-रवांडा.

आधी बाहेरच्या शेजाऱ्यांनी प्रयत्न केला. जानेवारी १९८३मध्ये मेक्सिको, वेनेझुएला, कोलंबिया आणि पनामा हे पनामाच्या कोंतादोरा बेटावर जमले. शस्त्रांची मर्यादा, परदेशी सल्लागार, लष्करी सराव, सगळं एकाच मसुद्यात कोंबलं. सप्टेंबर १९८४मध्ये निकाराग्वा म्हणालं, आहे तस्सा मसुदा द्या, सही करतो. त्याबरोबर होंडुरास, एल साल्वादोर आणि कोस्टा रिकाला त्यात खोट दिसायला लागली! पुढची दोन-अडीच वर्षं नुसती दुरुस्त्यांत गेली.

मग ७ ऑगस्ट १९८७ला ग्वाटेमाला सिटीत पाचही राष्ट्राध्यक्षांनी एस्किपुलास-२ वर सह्या केल्या: कोस्टा रिकाचे आरियास, ग्वाटेमालाचे सेरेसो, एल साल्वादोरचे दुआर्ते, होंडुरासचे आस्कोना आणि निकाराग्वाचे ओर्तेगा. यात दोन गोष्टी हुशारीच्या होत्या.

एक, शस्त्रं किती ठेवायची हा सगळ्यात चिवट मुद्दा ‘पुढे बोलू’ म्हणून बाजूला काढला. जमणार नाही ते पहिल्या कागदात घेतलंच नाही.

दुसरी म्हणजे तुमच्या ‘आधी कोण’ या प्रश्नाचं थेट उत्तर. कोणीच आधी नाही. सहीपासून १५ दिवसांत परराष्ट्रमंत्र्यांची कार्यकारी समिती. ९०व्या दिवशी पाच गोष्टी पाचही देशांत एकदम लागू: सर्वसाधारण माफी, शस्त्रसंधी, लोकशाही हक्क, बंडखोरांची मदत बंद, आणि आपल्या जमिनीवरून शेजाऱ्यावर हल्ला करू न देणं. १२०व्या दिवशी पडताळणी समितीने आढावा घ्यायचा, १५०व्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा भेटायचं. ९०वा दिवस ५ नोव्हेंबर १९८७ला येत होता. तारीख ठरलेली असली की ‘तो करेल तेव्हा मी करीन’ म्हणायला जागा उरत नाही. निदान उघडपणे तरी.

आता फसलं कुठे. पडताळणी समिती म्हणजे कोण? कोंतादोराचे चार परराष्ट्रमंत्री, त्यांच्या पाठिराख्या गटाचे चार (अर्जेंटिना, ब्राझील, पेरू, उरुग्वे), स्वतः मध्य अमेरिकेचे पाच, वर संयुक्त राष्ट्रं आणि अमेरिकन राष्ट्रसंघटना यांचे महासचिव. पंधरा डोकी, त्यातली पाच ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांचीच. जानेवारी १९८८मध्ये तिने अहवाल दिला, तो काहींना झोंबला, आणि त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी समितीच गुंडाळली. तिथून नोव्हेंबर १९८९पर्यंत, म्हणजे जवळजवळ बावीस महिने, सीमेवर तटस्थ डोळा नाही.

त्या काळात काय चाललं होतं याचा एकच नमुना देतो. २५ नोव्हेंबर १९८९ला निकाराग्वातून निघालेलं एक छोटं सेसना विमान एल साल्वादोरमध्ये कोसळलं. आत खांद्यावरून डागायची सोव्हिएत बनावटीची विमानविरोधी क्षेपणास्त्रं. मदत थांबवण्याच्या कागदावर सही होऊन दोन वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचं ओनुका हे निरीक्षक पथक मंजूर झालं: २६० निःशस्त्र लष्करी निरीक्षक, पाच देशांसाठी. गाड्यांतून, हेलिकॉप्टरमधून आणि फोन्सेकाच्या आखातात बोटींतून फिरायचं, पाहायचं, नोंदवायचं. कोणाला अडवायचा अधिकार नाही.

आणखी एक. ऑगस्ट १९८९मध्ये होंडुरासमधल्या तेला गावी ठरलं की काँत्रांना डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत मोडीत काढायचं. त्याच बैठकीत होंडुरास आणि निकाराग्वा यांनी हेगच्या न्यायालयातला आपसातला दावा मिटवण्याचंही ठरवलं. या देवाणघेवाणीशिवाय होंडुरास हललं नसतं. पण डिसेंबर उलटून गेला, काँत्रा जागचे हलले नाहीत. फेब्रुवारी १९९०ला निकाराग्वात निवडणूक झाली, व्हायोलेता चामोरो निवडून आल्या, आणि मगच एप्रिल ते जून १९९० या काळात सुमारे २२ हजार जणांनी शस्त्रं टाकली. राज्य कोणाचं येणार हे कळल्याशिवाय हातची बंदूक कोणी सोडत नाही. सरकारांचं कॅलेंडर बंडखोरांना लागू पडत नाही, हे तुमच्या भाषणात नक्की घ्या.

---

स्लो_लोकल

वरचा प्रतिसाद उत्तम, पण एक बाजू राहिली. एस्किपुलास चाललं कारण बाहेरचा नळ बंद होत होता. नोव्हेंबर १९८६मध्ये इराण-काँत्रा प्रकरण (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा काँत्रांना दिल्याचं) फुटलं. फेब्रुवारी १९८८मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने काँत्रांची लष्करी मदत २१९ विरुद्ध २११ मतांनी नाकारली. मॉस्कोलाही निकाराग्वाचा खर्च जड झाला होता. शेजाऱ्यांनी दार उघडून दिलं, पण आत ढकललं ते रिकाम्या तिजोरीने.

काँगोत नळ बाहेर नाही, घरातच आहे. त्यामुळे मला चाड-सुदानचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. आपल्याकडे त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

फेब्रुवारी २००८मध्ये सुदानच्या हद्दीतून आलेले चाडचे बंडखोर राजधानी एन्जामेनात राष्ट्राध्यक्ष भवनापर्यंत धडकले. मार्चमध्ये डाकारला दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी करार केला. तो दोन महिनेही टिकला नाही. मे महिन्यात चाडचा आसरा असलेली दारफुरची जेईएम संघटना थेट खार्तुमला लागून असलेल्या ओमदुर्मानमध्ये घुसली. डाकारच्या कागदावर चांगल्या शेजारधर्माची वाक्यं होती, पण सीमेवर उभं राहणारं कोणी नव्हतं.

१५ जानेवारी २०१०चा एन्जामेना करार वेगळा निघाला, कारण त्याला सीमेचा स्वतंत्र प्रोटोकॉल जोडला होता. दोन्ही देशांचे प्रत्येकी दीड हजार, असं तीन हजारांचं संयुक्त दल. कमांड सहा-सहा महिन्यांनी आलटून पालटून. याची गंमत अशी की सुदानी अधिकारी चाडच्या बाजूला फिरतो आणि चाडचा सुदानच्या. बंडखोरांचा ट्रकांचा तांडा गेला तर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणता येत नाही, कारण तुमचाच माणूस त्या चौकीवर बसलेला असतो. तिसऱ्या पक्षाचा निरीक्षक लागला नाही. एकमेकांचे ओलीस म्हणा हवं तर.

पुरावाही लवकर मिळाला. मे २०१०मध्ये जेईएमचा प्रमुख खलील इब्राहिम लिबियाहून एन्जामेनाच्या विमानतळावर उतरला, तर चाडने त्याला देशात पाऊल ठेवू दिलं नाही. परत लिबियात जावं लागलं. जुलैमध्ये सुदानने चाडच्या बंडखोर पुढाऱ्यांना कतारला रवाना केलं. दोन्हीकडून ‘माल’ परत.

मर्यादाही सांगतो. दारफुरचं युद्ध त्याने संपलं नाही. थांबल्या त्या एकमेकांच्या राजधान्यांवरच्या धाडी. बंडखोरांशी बोलणी या करारात नव्हतीच, आणि ज्यांचा आसरा गेला ते दुसरा शोधतात. जेईएमने काही काळ लिबिया धरला.

---

वाचनमात्र_होतो

छान चाललाय धागा. अवांतर: एम२३मधला २३ कशाचा?

---

स्लो_लोकल

२३ मार्च २००९. त्या तारखेला सीएनडीपी या आधीच्या बंडखोर गटाचा काँगो सरकारशी करार झाला आणि त्यांची माणसं सैन्यात घेतली गेली. करार पाळला नाही म्हणत एप्रिल २०१२मध्ये त्यातलेच काही फुटले आणि ती तारीख नाव म्हणून लावली. मोडलेला करार नावातच घेऊन फिरणारी संघटना. अवांतर कसलं, मूळ मुद्दाच आहे हा.

---

बीकेसी_आठवा_मजला

पैशाच्या बाजूबद्दल थोडं, कारण ती साखळी आपल्या वांद्र्याच्या हिरेबाजारापर्यंत येते.

सिएरा लिओन आणि लायबेरियाची युद्धं एकमेकांत अडकली होती ती हिऱ्यांमुळे. सिएरा लिओनच्या आरयूएफ बंडखोरांचा माल लायबेरियातून निघायचा, शस्त्रं उलटी यायची. त्यातून किंबर्ली प्रक्रिया उभी राहिली, १ जानेवारी २००३पासून लागू. व्यवहारात ती अशी चालते: कच्चा हिरा, म्हणजे ७१०२.१०, ७१०२.२१ आणि ७१०२.३१ हे तीन सीमाशुल्क कोड, छेडछाड केली तर कळेल अशा सीलबंद डब्यातच देशाबाहेर जातो. सोबत सरकारी प्रमाणपत्र: क्रमांक, मूळ देश, कॅरेट, डॉलरमधली किंमत, पाठवणारा, घेणारा, दिल्याची आणि संपण्याची तारीख. भारतात हे काम जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलकडे आहे. माल पोहोचला की आयात करणाऱ्या देशाने पाठवणाऱ्याला पोच कळवायची. वजन जुळलं नाही की पार्सल अडकतं. प्रक्रियेत नसलेल्या देशाशी कच्च्या मालाचा व्यवहारच करायचा नाही, हा तिचा खरा दात.

भोकं मोठी आहेत. पैलू पाडलेल्या हिऱ्याला हे काहीच लागू नाही. व्याख्येत फक्त ‘बंडखोरांना पैसा पुरवणारा हिरा’ येतो. सरकारी फौजांनी खाणीवर अत्याचार केले तर प्रमाणपत्राला धक्का लागत नाही. झिम्बाब्वेच्या मारांगे हिरेखाणींच्या वेळी याच शब्दांवर वर्षानुवर्षं खल झाला. निर्णय सर्वसहमतीने, म्हणजे एक नाही म्हणाला की सगळं ठप्प.

आता काँगो. कोल्टनची (इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागणाऱ्या टँटलम धातूचं खनिज) रुबाया खाण एप्रिल २०२४च्या अखेरीस एम२३च्या ताब्यात गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजाने तिथल्या करातून त्यांना महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर मिळत होते. माल सीमेपलीकडे जाऊन रवांडाच्या मालात मिसळतो असंही त्याच गटाने नोंदवलं. आफ्रिकेच्या ग्रेट लेक्स प्रदेशातल्या बारा देशांच्या परिषदेची खनिज प्रमाणपत्राची योजना आहे. खाणींना हिरवा, पिवळा, लाल असा दर्जा मिळतो, लाल खाणीतून निर्यात बंद. पण पोत्यावर टॅग लागतो तो खाणीजवळ. टॅग नसलेलं पोतं डोंगर ओलांडून गेलं आणि पलीकडे टॅग लागला, की कागद स्वच्छ! हिऱ्याचं एक पुडकं निदान मोजून सील करता येतं. कोल्टन टनावारी जातं आणि एकदा दळलं-मिसळलं की कुठल्या डोंगराचं हे उघड्या डोळ्यांना सांगता येत नाही.

म्हणून प्रमाणपत्रापेक्षा दोन्ही देशांचे खनिजावरचे कर आणि भाव जवळ आणणं जास्त कामाचं, असं माझं मत. पलीकडे चार पैसे जास्त मिळत असतील तर माल तिकडेच जाणार. भायखळ्याच्या बाजारातल्या टोमॅटोलाही हाच नियम लागू आहे.

---

हमालीचा_हिशेब

बीकेसी यांनी भावातल्या फरकाचं म्हटलं ते बंदुकांनाही तंतोतंत लागू आहे. शस्त्रं जमा करण्याच्या योजना देशागणिक आखतात, लढणारी माणसं मात्र सीमा ओलांडून फिरतात.

लायबेरियाचं बघा. ऑगस्ट २००३मध्ये अक्रा करार झाला. ७ डिसेंबरला मन्रोव्हियाजवळच्या शीफेलिन छावणीत शस्त्रं घ्यायला सुरुवात झाली. तयारी जेमतेम हजार माणसांची, आले त्याच्या कितीतरी पट. शांतिसैनिक अजून पुरते उतरले नव्हते, आणि आलेल्यांची समजूत अशी की बंदूक दिली की रोख हातात. दंगल झाली, दहा दिवसांत काम बंद पडलं, ते एप्रिल २००४मध्ये पुन्हा सुरू झालं.

दर होता ३०० डॉलर, दीडशेचे दोन हप्ते. पात्रता: एक शस्त्र किंवा १५० काडतुसं. इथेच घोळ झाला. कमांडरने पेटी फोडून काडतुसं वाटली की एका पेटीत कितीतरी ‘सैनिक’ तयार. कधी लढलेले नाहीत तेही. सुरुवातीचा अंदाज ३८ हजार लढवय्यांचा होता, नोंद झाली १ लाख ३ हजारांची, आणि शस्त्रं जमली २८ हजारांच्या आसपास. जवळजवळ चार माणसांमागे एक बंदूक. पैसा लवकर संपला आणि पुनर्वसन मागे पडलं. नाव कापलं गेलेला खरा लढवय्या जास्त धोकादायक.

त्याच वेळी शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये सुमारे ९०० डॉलरचा दर जाहीर झाला. तिप्पट! लायबेरियातली चांगली शस्त्रं कुठे गेली असतील ते सांगायला नको.

काँगोच्या भाषणात हे घ्यायचं तर तीन गोष्टी विचारा. शेजारच्या सगळ्या देशांत दर एक आहे का? रोख किती आणि प्रशिक्षण-अवजारांच्या रूपात किती? आणि परदेशी लढवय्या कुठे नोंदवायचा, पकडला तिथे की मूळ देशात? एफडीएलआर हे मूळचे रवांडाचे, बसलेत काँगोत. त्यांना नुसतं निःशस्त्र करून भागत नाही. परत पाठवायचं तर तिथे खटला होणार की घरी जाता येणार हे आधी लेखी लागतं. नाहीतर ते आणखी आत जंगलात शिरतात.

---

माटुंगा_पूर्व

सगळ्यांचे आभार, अर्ध्या तासाचे दोन तास होतील आता. दोन शंका. लुआंडा आणि नैरोबी या प्रक्रिया शेजाऱ्यांच्याच होत्या ना, मग त्या का बसल्या? आणि मंडळात हमखास येणारा प्रश्न: हे आपल्या सार्कला का जमत नाही?

---

जुना_नकाशा

पहिली शंका. कारण दोन टेबलं आणि दोन घड्याळं. लुआंडात अंगोलाच्या मध्यस्थीने काँगो आणि रवांडा बोलत होते. नैरोबीत पूर्व आफ्रिकी समुदायाच्या छत्राखाली काँगो सरकार आणि सशस्त्र गट. एम२३ला नैरोबीतून एप्रिल २०२२मध्ये बाहेर काढलं, आणि लुआंडात ते मुळात नव्हतेच. १५ डिसेंबर २०२४ची लुआंडाची शिखर बैठक नेमकी यावरूनच रद्द झाली: रवांडाचा आग्रह, काँगोने एम२३शी थेट बोलावं, काँगोचा नकार. सैन्य माघारीचा तांत्रिक आराखडा बऱ्यापैकी तयार होता. सहा आठवड्यांत गोमा पडलं.

फौजांचंही तेच. पूर्व आफ्रिकी समुदायाचं दल नोव्हेंबर २०२२मध्ये आलं. किन्शासाला, म्हणजे काँगो सरकारला, वाटलं हे एम२३शी लढतील, दलाला वाटलं आपण मधल्या पट्ट्यात उभं राहायचं आहे. डिसेंबर २०२३मध्ये त्याला निरोप दिला आणि दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांच्या समुदायाचं (एसएडीसी) दल आणलं, मार्च २०२५मध्ये तेही गुंडाळलं. काँगो दोन्ही संघटनांचा सभासद, त्यामुळे एका दुकानात भाव पटला नाही की दुसऱ्यात जायची सोय. दोन्ही संघटनांना एकत्र बसायला ८ फेब्रुवारी २०२५ उजाडला, दार-ए-सलाममध्ये. तोवर गोमा हातचं गेलं होतं. २७ जून २०२५च्या वॉशिंग्टन कराराने एफडीएलआर आणि रवांडाचे ‘उपाय’ एका वेळापत्रकात बांधले, हे चांगलं. पण एम२३ची बोलणी तिकडे दोहात. घड्याळं अजून दोनच.

---

स्लो_लोकल

सार्कचं उत्तर सनदेतच आहे. १९८५च्या सनदेचं दहावं कलम: निर्णय एकमताने, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेत घ्यायचे नाहीत. २०१४च्या काठमांडूनंतर शिखर परिषदही झालेली नाही.

पण जमलेलं उदाहरण दक्षिण आशियातही आहे, फक्त दोघांपुरतं. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ यांचे दक्षिण भूतानच्या जंगलात ३० तळ होते: अनुक्रमे १३, १२ आणि ५. भूतानने काही वर्षं ‘तुम्ही निघा’ अशी बोलणी केली आणि १५ डिसेंबर २००३ला स्वतःच्या सैन्याने कारवाई सुरू केली. भारतीय सैन्याने सीमा बंद करून धरली, म्हणजे पळणाऱ्यांना मागे वाट नाही. २००७च्या नव्या मैत्री करारात दुसऱ्या कलमात ते लेखी आलं: आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू द्यायची नाही. एस्किपुलासचं पाचवं वचन, जवळपास त्याच शब्दांत.

मंडळात कोणी विचारलंच तर एक फरक आधीच सांगून टाका. भूतानचे कोणी बंडखोर भारतात बसलेले नव्हते. गुंता एकेरी होता.